दिवाळीचे शुभेच्छापत्र आणि आत्याबाईंची लाल शाई

श्रोतेहो, नमस्कार.

दसऱ्याचे सोने वाटून झाले की दिवाळी जेमतेम वीस दिवसांवर येते, आणि ज्यांना यंदा शुभेच्छापत्र विकत न आणता घरच्या संगणकावर तयार करून छापून घ्यायचे आहे, त्यांनी आता कामाला लागायला हवे. त्यासाठी महागड्या सॉफ्टवेअरची गरज नाही. ‘गिंप’ हे चित्रे संपादित करण्याचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहायला घेतले, १९९६ साली ते लोकांच्या हाती आले, आणि शुभेच्छापत्रापुरते तर ते पुरून उरते.

पहिली गोष्ट मापाची. आधी कागद, मग चित्र. आपण बहुतेकजण उलट करतो. कंदिलाचा सुंदर फोटो उघडतो, त्यावर अक्षरे टाकतो आणि शेवटी तो कागदावर बसेना म्हणून हैराण होतो. ए-फोर कागद आडवा धरून मधोमध घडी घातली की पुस्तकासारखे उघडणारे पत्र तयार होते. हा कागद २९७ मिलिमीटर रुंद आणि २१० मिलिमीटर उंच असतो, आणि छपाई स्वच्छ यावी म्हणून इंचाला ३०० ठिपके धरायचे असतात. त्या हिशेबाने नवीन चित्र ३५०८ ठिपके रुंद आणि २४८० ठिपके उंच असे उघडावे. पुन्हा सांगतो, ३५०८ आणि २४८०. बरोबर मध्यावर, म्हणजे पन्नास टक्क्यांवर, एक उभी मार्गदर्शक रेषा टाकावी. ही आपली घडी. घडीच्या उजवीकडचा भाग मुखपृष्ठ होतो आणि डावीकडचा भाग पत्राची पाठ होते. ही उजवी-डावी पहिल्या खेपेस हमखास चुकते, म्हणून एखादा रद्दी कागद घडी घालून त्यावर पेन्सिलीने लिहून पाहावे.

फोटो मोबाइलमधून मूळ स्वरूपातच घ्यावा. कोणी तरी कोणाला पाठवलेला, चार हातांतून फिरलेला फोटो १२०० ठिपके रुंद उरला असेल, तर इंचाला ३०० या हिशेबाने तो कागदावर फक्त चार इंच भरतो. त्यापुढे ताणला की पणतीची ज्योत धुरकट होते. रंगांविषयी एकच इशारा देतो. पडद्यावर झळाळणारा सोनेरी रंग साध्या छपाईत सोनेरी येत नाही, पिठल्यासारखा पिवळट येतो. माझे वैयक्तिक मत विचाराल तर दिवाळीच्या पत्रावर सोनेरी वेलबुट्टी हवीच कशाला, हे मला आजवर कळलेले नाही. गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रांगोळीचे चार ठिपके त्याहून कितीतरी देखणे दिसतात.

आता अक्षरांकडे येतो, आणि अक्षरांचा विषय निघाला की मला माझ्या आत्याबाईंची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आत्याबाई वाईला असतात. छत्तीस वर्षे त्यांनी प्राथमिक शाळेत मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतरही त्यांच्या पर्समध्ये लाल शाईचे पेन असतेच. काही वर्षांपूर्वी मी प्रथमच स्वतः शुभेच्छापत्र तयार केले. मुखपृष्ठावर आमच्या अंगणातला कंदील, आत चार ओळींचा मजकूर आणि खाली सहीसाठी मोकळी जागा, असा तो सगळा थाट होता. घरच्या पडद्यावर तो इतका नेटका दिसत होता की मी फाइल जशीच्या तशी, म्हणजे चित्र आणि अक्षरे वेगवेगळ्या थरांत ठेवून, पेठेतल्या एका छपाईच्या दुकानात नेऊन दिली. दुकानातील मुलाने ती त्याच्या संगणकावर उघडली. मी वापरलेला फॉन्ट त्याच्याकडे नव्हता. संगणकाने दुसरा फॉन्ट घालू का, असे विचारले आणि दिवाळीच्या गर्दीत घाईला आलेल्या त्या बिचाऱ्याने ‘हो’ म्हटले. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची अक्षरे जुळवण्याची सोयही बंद होती. पन्नास प्रती छापून झाल्या. मी घरी येऊन पन्नासही पत्रांवर सह्या केल्या, पण प्रत्येक वेळी माझी नजर खालच्या मोकळ्या जागेवरच होती, कारण वर काय लिहिले आहे ते मला पाठच होते.

भाऊबीज उलटल्यावर वाईहून एक पाकीट आले. आत माझेच शुभेच्छापत्र होते. ‘दिवाळी’तील पहिली वेलांटी ‘द’ला सोडून शेजारच्या ‘व’च्या डोक्यावर जाऊन बसली होती. ‘हार्दिक’मधील रफार खाली उतरून पाय मोडलेला ‘र’ झाला होता आणि त्याच्यापुढे ‘दकि’ असे काहीतरी उभे होते. ‘शुभेच्छा’तील च आणि छ यांची फारकत झाली होती. आत्याबाईंनी प्रत्येक चुकलेल्या वेलांटीपासून तिच्या खऱ्या जागेपर्यंत लाल बाण काढला होता, समासात ‘१० पैकी ३’ असे गुण दिले होते, आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, “कंदील चांगला आहे. शुद्ध शब्द पाच-पाच वेळा लिहून आणणे.” उरलेल्या एकोणपन्नास जणांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांनी पत्र वाचलेच नाही, असा मी याचा अर्थ लावला, आणि ते मला त्या तीन गुणांपेक्षा अधिक लागले.

संगणक ‘दि’ साठवताना आधी ‘द’ आणि मग वेलांटी असा क्रम ठेवतो. दाखवताना वेलांटी अलीकडे आणण्याचे काम सॉफ्टवेअरने करायचे असते, आणि ते झाले नाही तर हा असा गोंधळ होतो. म्हणून दुकानात थरांची फाइल कधीही देऊ नये. थरांची फाइल, म्हणजे गिंपमधील ‘एक्ससीएफ’, पुढल्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी घरी ठेवावी आणि दुकानात सर्व थर एकत्र करून काढलेली पीडीएफ द्यावी. थर घरी, पीडीएफ दुकानात. आणि एक प्रत आधी छापून, शक्यतो दुसऱ्या कोणाकडून, मोठ्याने वाचून घ्यावी.

कागदाचे थोडक्यात सांगतो. झेरॉक्सचा ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा, कागद पत्राला फार लेचापेचा पडतो. २५० ते ३०० जीएसएमचा कार्डाचा कागद मागावा. पाठपोट छापताना कागद आखूड कडेवर उलटायला सांगावे, नाहीतर आतला मजकूर खाली डोके वर पाय असा येतो. जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर शाई फुटून पांढरी रेघ दिसते. त्यासाठी आतल्या बाजूने पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनाने मधोमध दाबून एक रेघ ओढावी, आणि मग घडी घालावी. अशी रिकामी बॉलपेने आमच्या घरी आता कोणी टाकून देत नाही.

यंदाच्या पत्राची नमुना प्रत मी परवाच टपालाने वाईला पाठवली आहे. दुकानदाराचे दोन फोन येऊन गेले. पण आत्याबाईंचे उत्तर आल्याखेरीज छपाई सुरू करायची नाही, असे त्याला सांगून ठेवले आहे. नमस्कार.