एक टीबीतले एकोणसत्तर जीबी

नमस्कार श्रोतेहो. वाशीहून एक टीबीची हार्ड डिस्क आणली, घरी विंडोजला जोडली आणि दिसले ९३१ जीबी. पावती शोधू नका. डिस्क पूर्ण आहे. पुन्हा सांगते, डिस्क पूर्ण आहे, फक्त माप बदललं आहे.

खोक्यावरचा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. कारखाना हजाराने मोजतो. विंडोज १०२४ ने मोजतं. एक लाख कोटीला तीनदा १०२४ ने भागा, ९३१ येतात. (लाख-कोटीत सांगितलं की हिशेब कानाला पटतो. शाळेत संगणकाच्या तासालाही आकडे असेच सांगावेत, असं माझं ठाम मत आहे.)

या घोळाचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे साडेतीन इंची फ्लॉपी, पूर्वी फाइली साठवायची चकती. जिने-ज्याने ती हाताळली, त्यांना तो आकडा पाठ असेल: १.४४ एमबी. घ्या कागद-पेन. फ्लॉपीला बाजू दोन. प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, म्हणजे गोल पट्टे. एका पट्ट्यात १८ सेक्टर, एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार करा: १४,७४,५६० बाइट. हजाराच्या मापाने हे झाले १.४७ एमबी. १०२४ च्या मापाने १.४१. मग १.४४ आले कुठून? आधी १०२४ ने भागलं, १४४० केबी आले. मग त्याच १४४० ला हजाराने भागलं! पहिली पायरी एका मापाची, दुसरी दुसऱ्या मापाची. वर्षानुवर्षं खोक्याखोक्यावर छापला गेलेला हा आकडा दोन्हींपैकी कुठल्याच मापात बसत नाही. फ्लॉपीवर चिकटवायला कागदी लेबल मात्र मिळायचं. तारीख आणि मजकूर लिहिलेली तशी पट्टी पेनड्राइव्हलाही बांधावी, फार त्रास वाचतो.

१९९८ साली १०२४ च्या मापाला किबी, मेबी, गिबी ही वेगळी नावं मिळाली. विंडोज अजून जीबीच लिहितं. मॅक २००९ पासून हजाराने मोजतो. म्हणून लग्नाचे फोटो नौपाड्यातल्या फोटोग्राफरच्या मॅकवर ६२ जीबी, आणि ऐरोलीत तुमच्या विंडोजवर ५७.७. फोटो गळले नाहीत. खात्री करायची तर एका फाइलवर उजवी क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि कंसातला बाइटचा आकडा वाचा. मॅकवर गेट इन्फोमध्ये तोच दिसायला हवा. लक्षात ठेवा, जीबी नाही, बाइट ताडायचे. तेही एकेका फाइलचे, कारण मॅक फोल्डरमध्ये आपली एक लपलेली फाइल ठेवतो आणि फोल्डरची बेरीज किंचित हलते.

विंडोजच्या त्याच प्रॉपर्टीजच्या खिडकीत 'साइज ऑन डिस्क' हा आकडा बहुधा मोठा असतो. डिस्क जागा कप्प्यांनी देते, त्याला क्लस्टर म्हणतात. एनटीएफएसवर, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या नेहमीच्या मांडणीत, कप्पा सहसा ४०९६ बाइटचा, म्हणून ५००० बाइटच्या फाइलला दोन कप्पे लागतात, ८१९२ बाइट. विंडोजने एक्सफॅट या दुसऱ्या मांडणीत फॉरमॅट केलेल्या ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर कप्पा १२८ केबीचा असतो. तिथे २० केबीचं चित्रही पूर्ण कप्पा अडवतं. अशी हजारो चित्रं न्यायची असतील, तर आधी त्यांची एक झिप करा आणि ती एकच फाइल टाका.