पाखाडीनं चालूया, किल्ला नंतर बघू

नमस्कार मंडळी. थंडी सुरू झाली की सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, या रविवारी कुठला किल्ला? मग पहाटे साडेतीनला निघायचं, धापा टाकत वर पोचायचं, झेंड्याखाली फोटो काढायचा आणि दुपारी मिसळ खाऊन परत. किल्ल्यांशी माझं भांडण नाही हो, पण चालणं म्हणजे चढणंच असं कुणी ठरवलं? गुडघे कुरकुरणाऱ्यांनी काय करायचं, शाळकरी पोरांनी आणि सत्तरीच्या आजींनी काय करायचं? आज मी ज्या चालण्याबद्दल बोलणारे त्यात शिखर वगैरे काही नाही. एका वाडीतून निघायचं आणि दुसऱ्या वाडीत पोचायचं, मधे एखादी देवराई, एखादा पऱ्या म्हणजे ओढा, थोडा सडा, एवढंच.

त्यासाठी मला सगळ्यात आवडतो तो रत्नागिरी जिल्हा, त्यातही संगमेश्वर आणि रत्नागिरी तालुक्यातला आतला भाग. समुद्राकडे नाही जायचं, तिकडे सगळेच जातात. शास्त्री नदी सह्याद्रीतून निघते आणि जयगडला समुद्राला मिळते, तिच्यात संगमेश्वरला सोनवी येऊन मिळते, खालच्या अंगाला बावनदी, आणि या सगळ्या नद्यांच्या मधे जांभ्याचे, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाचे सपाट माथे, त्यालाच सडा म्हणतात. म्हणजे वर सपाट, खाली नदी आणि मधल्या उतारावर झाडीत लपलेल्या वाड्या. अशा जमिनीवर गाडीरस्ता वळसे घेत घेत जातो आणि पाखाडी सरळ खाली उतरते. पाखाडी म्हणजे जांभ्याचे चिरे बसवून केलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगा म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, वरून फणसाची नाहीतर काजूची सावली. रस्त्यानं तीन किलोमीटर असलेलं देऊळ पाखाडीनं कितीतरी जवळ येतं.

पाखाडीवर चालताना गाव मागच्या दारानं दिसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दिवाळीनंतर खळी शेणानं सारवलेली असतात, भाताची उडवी रचलेली, मांगरात म्हणजे घराशेजारच्या खोपटात लाकडं भरलेली, खाली नदीकाठी जिथं पाणी आहे तिथं वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची तयारी चाललेली. पऱ्यावर सिमेंटच्या पोत्यात माती भरून वनराई बंधारा घातलेला दिसेल, तो गावकऱ्यांनी श्रमदानानं घातलेला असतो, त्यावरून उड्या मारत पलीकडे जाऊ नका, फुटतो तो. डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर आला की त्या वासातून चालायचं, फोटो काढून उपयोग नाही, वास येत नाही फोटोला. आणि डोळे उघडे ठेवले तर दुसरंही दिसतं. मधल्या मोठ्या वाडीची पाखाडी छान बांधलेली असते आणि शेवटच्या वाडीपर्यंत जाता जाता चिरे संपून नुसती माती राहते. कुठल्या वाडीला पायऱ्या आधी मिळाल्या आणि कुठल्या वाडीला अजून नाहीत, हे बघितलं की गावाचा इतिहास कुणाला विचारावा लागत नाही.

आता देवराई. वाघजाई, जाखमाता, नवलाई, पावणाई, नाव काहीही असो, देवीच्या भोवतीचा रानाचा तुकडा. बाकी डोंगर काजूच्या बागांनी नाहीतर तोडीनं मोकळे झालेत, म्हणून जुनं रान बघायचं तर इथंच. ऐन, किंजळ, बेहडा, आणि कार्तिकाच्या सुमारास सातवीण फुललेली असली तर तिचा उग्र गोड वास लांबूनच येतो, काहींचं डोकं दुखतं त्यानं. धनेश पक्ष्याला घरट्यासाठी मोठ्या झाडाची ढोली लागते, मादी स्वतःला आत बंद करून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते आणि नर तिला वड-उंबराची फळं आणून भरवतो. अशी ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं आणि झाडाला म्हातारं होऊ देणारी जागा देवराई सोडली तर फार कमी उरलीय. देवराईत चपला बाहेर, वाळकी काठीसुद्धा उचलायची नाही, मोबाईलवर गाणी तर नाहीच. तुमचा देवावर विश्वास असो नसो, नियम गावाचा आहे.

एक ठिकाण नाव घेऊन सांगतो, उक्षी. कोकण रेल्वेचं छोटं स्टेशन, पॅसेंजर थांबते, पण वेळ आधी बघून घ्या. स्टेशन सोडलं की रत्नागिरीच्या बाजूला गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते, साडेसहा किलोमीटरचा बोगदा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. गाडी डोंगराच्या पोटातून जाते तर जाऊ दे, आपण सड्यावर जायचं. तिथं जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, कातळशिल्प. जमिनीवर कोरलेलं असल्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, त्यात उक्षीही आहे. त्याच्यावर उभं राहून सेल्फी काढणारे मी बघितलेत, कृपा करून तुम्ही नका काढू. आणि इतिहासाची आवड असेल तर संगमेश्वरजवळ कसब्यात काळ्या दगडातलं कर्णेश्वराचं देऊळ शांतपणे बघा, 1689 मध्ये संभाजी महाराजांना पकडलं ते याच गावात, म्हणून तिकडे लोक जातात, पण देवळाच्या खांबांकडे आणि छताकडे मान वर करून बघणारे कमीच.

वाट कुणाची, हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. इंग्लंडात राहणारे आपले लोक सांगतात की तिकडे शेतातून जाणाऱ्या पायवाटांचा हक्क कायद्यानं नोंदलेला असतो. अहो, आपल्याकडेही तलाठ्याकडच्या गावनकाशावर तुटक रेषांनी वाटा दाखवलेल्या असतात, गाडीवाटेला दुहेरी तुटक रेषा, पायवाटेला एकेरी. त्या वाटा अडवल्या गेल्या, बांध सरकवून अरुंद झाल्या, झाडीत बुजल्या हे खरं. शेतकरी मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली वाटेसाठी तहसीलदाराकडे दाद मागतात ती काय हौसेनं नाही मागत. आपण पाहुणे, आपण वाद घालायचा नाही. बेड्याचे, म्हणजे कुंपणातल्या वाटेवरच्या फाटकाचे बांबू सरकवून आत गेलात तर परत होते तसे लावा, नाहीतर गुरं शेतात शिरतात. आणि समोर घर दिसलं की हाक मारा, "काकी, खालच्या वाडीत जायला हीच वाट ना?" वाट माहीत असली तरी विचारा, त्यानं तुम्ही कोण हे सगळ्या वाडीला कळतं आणि कुत्रीही गप्प बसतात.

पाखाड्या जाऊन सिमेंटचे रस्ते येतायत म्हणून हळहळणारे शहरातले लोक मला भेटतात. मला नाही तसं वाटत. आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांनी खांद्यावर उचलून वर आणायचं, ते पण पावसात, हे ज्यांनी केलंय त्यांना रस्ता पायजेच. फक्त रस्ता झाला म्हणून जुन्या पायऱ्यांचे चिरे उपटून नेऊ नयेत, एवढं गावानं बघितलं तर दोन्ही राहील.

थोडं कामाचं. दिवाळी ते जानेवारी-अखेर हा काळ बरा. पावसात सडा देखणा असतो, पहिल्या सरींनंतर पांढरी दीपकाडी फुलते ती बघायला जरूर जा, पण शेवाळलेल्या चिऱ्यांवरून पाय सटकतो, वयस्कर माणसांना पाखाडीवर नेऊ नका. मे महिन्यात सडा तव्यासारखा तापतो. घोट्यापर्यंतचे शूज घाला, हातात काठी ठेवा. कातळाच्या खाचेत किंवा चिऱ्याखाली हात घालायचा नाही, फुरसं असतं, साप हातभर पण नसतो पण विषारी. चावलंच तर ब्लेडनं कापणं, आवळून बांधणं असले प्रकार नकोत, तडक प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

आणि परतीचं. आतल्या गावात वस्तीची एसटी असते, ती संध्याकाळी शहरातून येते, रात्री गावात मुक्काम करते आणि पहाटे निघते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या माणसाला ती नेहमी उलटीच पडते, तो सकाळी गावात जायला बघतो आणि संध्याकाळी बाहेर. म्हणून प्लॅनच उलटा करा, संध्याकाळी त्याच गाडीनं गावात जा, रात्री राहा, सकाळी उन्हं यायच्या आत चालायला लागा. राहायची आणि जेवणाची सोय मात्र दोन दिवस आधी फोन करून ठरवा, अंधार पडल्यावर अचानक सहा जण दारात उभे राहिले की त्या घरातल्या बाईला परत चूल पेटवावी लागते आणि ती तोंडानं नाही म्हणत नाही.