एकावर पूज्य

(दृश्य : पहाट. किला गेटची गल्ली. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल. वर किल्ल्याची भिंत.)

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर गाड्या जातात त्या पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने. पूर्वेची वाट पायी चढणाऱ्यांची. आज ती चढताहेत सहा मुलं आणि त्यांच्या काकू.

काकू नात्याने यातल्या कुणाच्याच नाहीत. आयुष्यभर त्यांनी गणित शिकवलं. आता दर रविवारी लष्करातल्या आपल्या घरी मराठी लिहायला शिकवतात. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, ते हे लष्कर. या मुलांच्या घरात अजून मराठी बोलतात. शाळेत मात्र हिंदी, इंग्रजी. मराठी लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

(दृश्य : काकूंची ओसरी. घडी घातलेले सहा कागद.)

ती वेळ काकूंनी आणली. विषय दिला : देवावर विश्वास कधी बसला, कधी उडाला. सहापैकी चौघांच्या कागदावर दिवा निघाला. श्रद्धा म्हणजे दिवा, शंका म्हणजे वारा. उरलेल्या दोघांची नाव वादळात सापडली होती. काकूंनी सगळं वाचलं, कागदांच्या घड्या घातल्या.

“दिव्यात तेल कुठलं होतं? वात कोणी वळली? काजळी कशावर धरली? माहीत नाही ना? मग दिवा उसना आणलाय. परत करून या.”

रूपक सुरू करायला काही लागत नाही. ते चालवायला लागतं. एकनाथांच्या भारुडातला विंचू नुसता चावून थांबत नाही. घाम फुटतो, उतारा शोधावा लागतो, अंगारा लावावा लागतो. सांगायचं असतं कामक्रोधाबद्दल, पण विंचू शेवटपर्यंत विंचवासारखाच वागतो. जुने लोक याला सांगरूपक म्हणत, सगळ्या अंगांसकट असलेलं. ग्वाल्हेरला हे परकं नाही. इथल्या तानसेन समारोह या संगीत महोत्सवाची सुरुवातच ढोलीबुवा या कीर्तनकारांच्या हरिकथेने होते.

(दृश्य : चतुर्भुज मंदिर. रखवालदार कुलूप काढतो.)

चढणीवर, लक्ष्मण दरवाजाजवळ, कातळात कोरलेलं हे एवढंसं देऊळ. भिंतीवर शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६. प्रतिहार राजा भोजाचा काळ. मजकूर अगदी व्यवहाराचा. देवासाठी फुलबाग दिली : २७० हात लांब, १८७ हात रुंद. माळ्यांनी रोज ५० हार पोचवायचे.

मुलं नाक भिंतीला लावून अंक शोधतात. “मिला!” कोणीतरी ओरडतं. २७० मधलं शून्य. शेजारच्या अंकांपेक्षा लहान, गोल, आपण आज काढतो तसंच.

जगातलं पहिलं शून्य म्हणून लोक इथे येतात. ते पहिलं नाही. कंबोडियातल्या एका लेखात शके ६०५ या सालात, म्हणजे ६८३मध्ये, ते ठिपका होऊन आलेलं आहे. आपल्या गोष्टीला त्याने बाधा येत नाही.

काकू विचारतात, “याला मराठीत काय म्हणतात?”

“शून्य.”

“माझी आजी वेगळं म्हणायची. एकावर पूज्य दहा. दोनावर पूज्य वीस.”

“पूज्य? म्हणजे पूज्य पिताजीवालं पूज्य?”

“तेच.”

(दृश्य : मुलाचा चेहरा. नंतर शिलालेख, जवळून.)

ज्याच्यापुढे हात जोडायचे तेही पूज्य, आणि जिथे काहीच नाही तेही पूज्य. काकू यावर एक अक्षर बोलत नाहीत. मुलगा वही उघडतो.

(दृश्य : पायऱ्यांवर बसून लिहिणारी मुलं. खाली जुनं ग्वाल्हेर.)

दिव्याच्या जागी आता पूज्य. काकूंची रीत अशी. आधी देव बाजूला ठेवायचा आणि वस्तूचे कायदे लिहून काढायचे. पूज्य मिळवलं तर काही बदलत नाही. गुणलं तर होतं नव्हतं तेवढं जातं. भागायला गेलं तर अडतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्याचे नियम लिहिले, तोही इथे घसरला : शून्याला शून्याने भागून त्याने शून्य काढलं, आजचं गणित ते मानत नाही. एका मुलीला हे फार आवडलं. “म्हणजे त्यालाही नक्की माहीत नव्हतं?”

मग प्रत्येक कायद्याला प्रश्न विचारायचा. सातच्या डावीकडे पूज्य ठेवलं तर सातच राहतात, उजवीकडे ठेवलं तर सत्तर होतात. मग डावीकडची शंका कुठली? एकाने लिहिलं : “मी आठवीत असताना मित्रांचं ऐकून म्हणायचो, देव वगैरे काही नसतं. तेव्हा माझ्याकडे काही नव्हतंच. माझं पूज्य डावीकडे होतं.” उजवीकडची त्याला अजून लिहायची आहे. काकू म्हणाल्या, घाई नाही.

आणि २७० मधलं पूज्य कोरायचं राहिलं असतं तर? बाग सत्तावीस हातांची झाली असती. जागा रिकामी आहे हेसुद्धा दगडात कोरावं लागतं. आम्हाला विचाराल तर भक्तीवरचं पुष्कळसं मराठी लिखाण इथेच आखूड होतं.

दोन अटी होत्या. श्रद्धा आणि शंका हे शब्द पानावर कुठेही यायचे नाहीत. आणि रूपक जिथे मोडेल तिथे ते मोडलेलं दिसू द्यायचं. एका मुलाने विचारलं, “काकू, पूज्य दुखत नाही. हे दुखतं. मग?”

“मग तेच लिही. पुढे ओढू नकोस.”

(दृश्य : मानमंदिर. निळ्या टाइल्स, बदकांची रांग, पळणारी मुलं.)

वह्या मिटल्यावर सगळे वर मानसिंह तोमराच्या महालाकडे पळाले. या निळ्या बदकांचा आपल्या विषयाशी संबंध नाही. पण एवढा निळा रंग कापून टाकायला आमचा हात धजला नाही.

(दृश्य : गणेशोत्सवाचा मांडव. माइकसमोर एकेक मूल.)

गणेशोत्सवात पाच लेख वाचले गेले. सहावा गाळला, देवाच्या मांडवात हे नको, असं वडीलधाऱ्यांचं मत पडलं.

(दृश्य : घर. खिडकीपाशी आजी. हातात तुळशीची माळ. समोर वही घेऊन मुलगी.)

तो सहावा हा. बाग नाही, हार नाही. तिने घरातली माळ घेतली.

“१०८. एक, पूज्य, आठ. आजोबा होते तेव्हाही मध्ये पूज्यच होतं, मी कधी पाहिलं नव्हतं. आता आजी माळ ओढता ओढता मध्येच थांबते. मी विचारलं, आजी, झोप लागली का? म्हणाली, नाही गं, इथे कोणी नाही. मग पुढचा मणी ओढते. मी वहीत मधलं पूज्य खोडून बघितलं. अठराच राहिले.”

(दृश्य : आजीची बोटं, जवळून. मेरुमणी येतो.)

मेरुमणी ओलांडायचा नसतो. माळ फिरवून घ्यायची आणि आल्या वाटेने पुन्हा मोजायचं.

(निवेदन नाही. मण्यांचा आवाज.)