तीन तास वाजवायचं, तर थांबायचं कधी?

(जळगावात एका हिवाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, नमस्कार.

पत्रिकेत आजचा विषय छापून आला तेव्हा आयोजकांना फोन आले म्हणे, की ‘रॉकवर बोलायला माणूस कुठून आणला भो, पुण्याहून का?’ नाही हो. मी इथलाच. साउंड भाड्याने देण्याचा आमचा घरचा धंदा. वरात, गणपती, कॉलेजचं गॅदरिंग, कीर्तन सप्ताह, ऑर्केस्ट्रा, सगळीकडे मिक्सरमागे बसून माझी उमर गेली. आणि रात्री घरी आल्यावर स्वतःसाठी ऐकलं ते रॉक. त्यामुळे आज जे बोलेन ते मिक्सरमागच्या खुर्चीवरून.

प्रश्न साधा आहे. तीन तासांचा कार्यक्रम असेल तर मध्ये थांबायचं की नाही? आपल्याला हा प्रश्न सहसा पडतच नाही. नाटक म्हटलं की मध्यंतर, सिनेमा म्हटलं की मध्यंतर, आणि मध्यंतर म्हटलं की वडा. रॉकवाल्यांमध्ये मात्र यावरून दोन तट आहेत आणि दोन्हीकडची माणसं कडवी आहेत. एक म्हणतात, दिवे लागले की चढलेला रंग उतरला. दुसरे म्हणतात, दीड तासानंतर कान आणि पाय दोन्ही बधिर होतात, थोडं थांबा की.

सुरुवातीला हा वाद उद्भवायचं कारणच नव्हतं. 15 ऑगस्ट 1965 ला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 55,000 हून जास्त लोकांसमोर उभे राहिले आणि साधारण अर्ध्या तासात उतरले. त्यांच्या आधी इतर मंडळी वाजवून गेली होती. अर्ध्या तासात कुणाला विश्रांती लागते? पण पुढच्या पाच-सात वर्षांत गाणी लांबली, एकेका गाण्यात वीस-वीस मिनिटं उपज होऊ लागली, आणि लेड झेपेलिनसारखा बँड एकटाच तीन-तीन तास मैदान धरून बसू लागला. तिथून हा शरीराचा प्रश्न झाला.

आता शरीर म्हणजे नेमकं कुणाचं, ते बघू. बेसवाला चार तासही उभा राहील, त्याची काळजी नको. गायकाचा घसा दोन तासांनंतर वरच्या सुरांना कुरकुरायला लागतो. आणि ड्रमरचे दोन्ही हात, दोन्ही पाय सलग चालू असतात. आमच्याकडचे चांगले ड्रमर बोटांना आधीच पट्टी गुंडाळून बसतात, मांडीवर टॉवेल, बाजूला काठ्यांची पिशवी लटकवलेली. तासाभराने पट्टी घामाने सुटते आणि काठी बोटांत फिरायला लागते. मला मिक्सरवर ते आधी ऐकू येतं: स्नेअर या ड्रमरपुढच्या मुख्य ड्रमवरचा फटका मधून कडेला सरकतो, आवाज पातळ होतो. फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज वाढवायची खुंटी, कितीही वर करा, तो भरत नाही. लोकांना कारण कळत नाही, त्यांना एवढंच वाटतं की कार्यक्रम जरा बसला.

सलग वाजवण्याच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार म्हणजे अमेरिकेचा रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन. 31 जुलै 2012 ला हेलसिंकीत तो 4 तास 6 मिनिटं वाजवत होता, तेव्हा त्याचं वय 62. गंमत अशी, की हाच माणूस 1980 च्या दशकात ऐन उमेदीत असताना रीतसर मध्यंतर घेत असे आणि उतारवयात त्याने ते टाकून दिलं. त्याचे चाहते हे अभिमानाने सांगतात. मला मात्र त्याच्या ड्रमरचा, मॅक्स वाइनबर्गचा, विचार जास्त येतो. तोही तेव्हा 61 चा होता, आणि त्याला तर माईक प्रेक्षकांकडे वळवून ‘आता तुम्ही म्हणा’ असं करायचीही सोय नाही. स्प्रिंगस्टीनला ती होती. पुन्हा मागे मोठा ताफा, सॅक्सोफोन आहे, कीबोर्ड आहेत, बाकीच्या दोघातिघांच्या गिटारी आहेत. कुणी ना कुणी दोन मिनिटं पुढे येतं आणि मालक घोटभर पाणी पितो.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाचा ग्रेटफुल डेड. 1965 ते 1995 अशी तीस वर्षं वाजवलं. यांच्याकडे दोन भाग आणि मध्ये मोकळी सुट्टी, हे ठरलेलं. पण त्यांची खरी युक्ती सुट्टीत नव्हती, ती दुसऱ्या भागाच्या पोटात होती. साधारण 1978 पासून जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात असं व्हायचं: गाणं वाजता वाजता विरत जायचं, गिटारवाले एकेक करून मंचावरून निघून जायचे आणि बिल क्रॉइट्समन आणि मिकी हार्ट हे दोघे ड्रमर उरायचे. त्यांची जुगलबंदी रंगली की मग ते दोघे उठायचे, आणि परत आलेले गिटारवाले ताल नसलेलं, नुसत्या आवाजांचं काहीतरी वाजवत बसायचे. त्यातून हळूहळू पुढचं गाणं वर यायचं. म्हणजे सगळ्यांना पाळीपाळीने विश्रांती मिळाली, आणि मैदान एक क्षणही रिकामं पडलं नाही.

आता तुमच्यातले जे नारदीय कीर्तन ऐकतात त्यांनी मनातल्या मनात हसून घेतलं असेल. पूर्वरंग संपतो. बुवा थांबतात. कुणीतरी त्यांना बुक्का लावतं, गळ्यात हार घालतं. तेवढ्यात पेटीवाला नामाचा गजर उचलतो आणि सगळा मांडव टाळ्या वाजवत तो म्हणायला लागतो. तबलजी हातोडी काढून गट्ठे ठोकून घेतो, बुवा उपरण्याने कपाळ पुसतात, पाण्याचा तांब्या पुढे येतो. तीन-चार मिनिटं. उठून कुणी जात नाही, कारण गाण्याची जबाबदारी आता त्यांच्याच अंगावर आहे. मग बुवा उत्तररंगाचं आख्यान लावतात. सप्ताहात साउंडला बसलेल्या माणसाला यातली कारागिरी कळते. गजर चालू असताना मी बुवांचा माईक खाली घेऊन मांडवातला माईक वर चढवतो, आणि मांडव स्वतःचाच आवाज ऐकून आणखी जोर लावतो.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात काठी गावची होळी आहे. अक्कलकुव्याकडची ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांना ठाऊक आहे, की ढोल रात्रभर चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. अंगाला राख, कमरेला भोपळे, घुंगरं बांधलेले बुध्या नाचत असतात. तिथे मध्यंतर कोण जाहीर करणार? एक दमतो, बाजूला होतो, दुसरा आत शिरतो. वाजवणारे आणि बघणारे अशी रेघच तिथे नाही, म्हणून थांबायची गरज नाही. ही सोय रॉक बँडला नाही. चारच माणसं, आणि तिकीट त्या चौघांच्या नावाचं. तरी त्यांच्यातही वेडे असतात. फिश नावाच्या बँडने 31 डिसेंबर 1999 च्या मध्यरात्री फ्लोरिडात वाजवायला सुरुवात केली आणि 1 जानेवारीचा सूर्य उगवला तेव्हा थांबले. सात तासांहून जास्त, एकच सलग भाग. एरवी हाच बँड दोन भाग आणि मध्ये विश्रांती, असाच वाजवतो. त्यामुळे मी त्या रात्रीला नियम मानत नाही, नवस मानतो.

लेड झेपेलिनचा हिशेब उलटा होता. त्यांनी विश्रांती ज्याला सगळ्यात गरजेची त्यालाच राबवलं. जॉन बोनहॅमचा एकट्याचा ड्रम कधी वीस, कधी तीस मिनिटं चाले. काठ्या टाकून तो नुसत्या हातांनी वाजवी, आणि बाकीचे तिघे तेवढा वेळ आत. लोक वेडे व्हायचे, ते ठीक. मला यात न्याय दिसत नाही.

जाहीर मध्यंतराच्या बाजूने मला मनापासून पटलेला पुरावा एकच. पिंक फ्लॉइडने 1980-81 मध्ये ‘द वॉल’ हा एकट्या पडत गेलेल्या गायकाची कथा सांगणारा अल्बम मंचावर आणला, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचं युनियनडेल, लंडन आणि डॉर्टमुंड अशा चारच शहरांत. पहिल्या भागात बँड वाजवत असताना कामगार पुठ्ठ्याच्या मोठाल्या विटा एकावर एक रचत जातात. भिंत वाढते, वाजवणारे दिसेनासे होतात. शेवटचं भोक उरतं, त्यातून गायक निरोपाचं गाणं म्हणतो आणि ती वीटही बसते. मध्यंतर! लोक चहा-कॉफी घेऊन परत आले तरी समोर भिंतच. दुसरा भाग सुरू होतो तोही भिंतीमागून. इथे ती वीस मिनिटं कार्यक्रमाचाच भाग होती. मध्यंतर काढलं असतं तर भिंतीकडे बघत बसायची पाळी प्रेक्षकांवर आली नसती, आणि कथेतला एकटेपणा त्यांना भोगावा लागला नसता. दुसरा भाग पहिल्याहून वेगळ्या जातीचा असेल, तरच दिवे लावायचा हक्क आहे, असं माझं मत. पिंक फ्लॉइडमधून बाहेर पडलेल्या रॉजर वॉटर्सने फेब्रुवारी 2007 मध्ये मुंबईत हेच केलं होतं. दुसऱ्या भागात 1973 चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकसंध. त्याच्याआधी मोकळी जागा हवीच होती.

बाकी बहुतेक मध्यंतरं धंद्यासाठी असतात. खाण्यापिण्याचे स्टॉल, टी-शर्टची विक्री. त्यात पाप काही नाही, आमचंही पोट त्यावरच आहे. फक्त त्याला कलेचं नाव देऊ नये.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. सलग वाजवणाऱ्यांच्या कार्यक्रमातही मध्यंतर असतं, ते आधीच होऊन गेलेलं असतं. सुरुवातीला एखादा छोटा बँड वाजवतो, मग मंच बदलायला अर्धा तास जातो, त्यात लोक खाऊनपिऊन घेतात. कॅनडाच्या रश बँडने 1996 च्या दौऱ्यापासून तो छोटा बँड बंद केला. संध्याकाळभर फक्त आम्हीच, असं ठरवलं, आणि लगेच त्यांना स्वतःच्या कार्यक्रमाचे दोन भाग करून मध्ये विश्रांती घ्यावी लागली. दाबलेली हवा कुठून तरी निघतेच. शेवटचा वन्स मोअर तरी दुसरं काय असतं? बँड ‘थँक यू’ म्हणून आत जातो, तीन मिनिटं लोक ओरडतात, तेवढ्यात आत टॉवेल, पाणी, बदललेला शर्ट. बालगंधर्वांना वन्स मोअर मिळाला की त्यांना तिथेच, उभ्या जागी, तेच पद पुन्हा म्हणावं लागे. आत जायची सवलत त्यांना नव्हती.

मोठ्या स्टेडियममध्ये मध्यंतर दिलं तरी ते पुरत नाही, हा हिशेब कागदावर मांडून बघा. चाळीस हजार माणसं वीस मिनिटांत उठून, रांग लावून, परत जागेवर येऊ शकत नाहीत. शिवाय पुढे कठड्याला धरून उभं असलेलं पोरगं दुपारपासून जागा धरून आहे. ते हलणार नाही, कारण हललं की जागा गेली. म्हणून खुर्च्यांच्या सभागृहात मध्यंतर चालतं, उभ्या मैदानात नाही. तिथे लोक आपलं आपण ठरवतात: नव्या अल्बमचं गाणं लागलं की चला. बँडवाले ते ओळखून असतात आणि बिचारे तरीही ते गाणं वाजवतात.

जानेवारी 2025 मध्ये अहमदाबादला इंग्लंडचा कोल्डप्ले बँड आला. आपल्याकडची बरीच मुलं भुसावळ-सुरत मार्गाने नंदुरबारवरून गाडीने गेली, बाकीच्यांनी 26 तारखेचा कार्यक्रम घरी मोबाईलवर पाहिला. त्यांनी काय केलं ते आठवा. मोठा मंच, मग मैदानात पुढे आलेला छोटा मंच, मग पार मागे, लोकांच्या मधोमध आणखी छोटा. बँड एका मंचावरून दुसऱ्यावर चालत जातो, लोक मान वळवतात, ज्यांना काहीच दिसत नव्हतं त्यांना अचानक समोर दिसायला लागतं. ड्रमरला तेवढे पाय मोकळे करायला मिळतात. विश्रांती झाली आणि कुणाला कळलंही नाही.

आता आपल्या दारचं. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आहेत: रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, बारापर्यंत सूट मिळू शकते, पण ते दिवस गणपती-नवरात्रातच खर्च होतात. रात्रभर चालणाऱ्या मैफली आणि तमाशे यानेच आक्रसले. हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. हेलसिंकीच्या सतरा दिवस आधी, 14 जुलै 2012 ला, लंडनच्या हाइड पार्कात स्प्रिंगस्टीनबरोबर बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी वाजवत होता. वेळ उलटली म्हणून दोघांचे माईक बंद केले गेले. ज्याने कुणी ते बटण दाबलं असेल त्याच्याबद्दल मला व्यवसायबंधू म्हणून सहानुभूती आहे.

तर आपला हिशेब असा. पत्रिकेवर 7 ची वेळ. पाहुण्यांची शाल-श्रीफळं आणि मनोगतं होऊन पहिलं गाणं 7:30 ला. वीस मिनिटांचं म्हणून जाहीर केलेलं मध्यंतर भजी संपेपर्यंत चालतं, म्हणजे पस्तीस. 10 ला हवालदार कोपऱ्यावर उभा. बँडच्या हातात दोन तासही उरत नाहीत, आणि शेवटची, लोक ज्यासाठी आले ती तीन गाणी, घाईत उरकायची. म्हणून कॉलेजची पोरं मला विचारतात तेव्हा मी सांगतो: मध्यंतर ठेवू नका. गाण्यांचा क्रम ड्रमरला विचारून लावा. साधारण चाळीस मिनिटांनी एक गाणं नुसत्या गिटारवर, तासाभराने कीबोर्डवाल्याला मोकळा सोडा, आणि दोन दणदणीत गाणी झाली की तिसरं लोकांकडून म्हणवून घ्या.

आयोजकांनाही एक सांगणं आहे, आणि ते मी भाड्याच्या बोलणीतच सांगतो. मध्यंतर काढलंत तर मुतारीची सोय दुप्पट करा, त्यातही बायकांची आधी. आपल्या मैदानांवर चार फिरती शौचालयं आणून ठेवतात, तीही जनरेटरच्या मागे, अंधारात. पोरी त्या भीतीने दुपारपासून पाणीच पीत नाहीत. ती उजेडात ठेवा, आणि तिथपर्यंत आवाज पोचेल असा एक स्पीकर लावा, तेवढा मी फुकट देतो. आणि तिकिटावर स्पष्ट छापा: 7 ते 9:45, मध्यंतर नाही.