मधेच आलेला रेकॉर्ड ठेवायचा कुठे? आयसॅम, व्हीसॅम आणि मोकळ्या जागेचा हिशेब

मंडळी, इंडेक्स असलेली फाइल वाचणं कधीच अवघड नव्हतं. अवघड असतं ते भरलेल्या फाइलमध्ये मधेच नवा रेकॉर्ड घालणं.

आयबीएमच्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेमवर आयसॅम होतं, म्हणजे इंडेक्स असलेल्या फाइल सांभाळायची पद्धत. रेकॉर्ड की-च्या (रेकॉर्ड ओळखायच्या खुणेच्या, जसा खाते क्रमांक) क्रमाने प्राइम एरियात म्हणजे मुख्य जागेत, डिस्कच्या दर सिलिंडरला (ट्रॅकच्या गटाला) ट्रॅक इंडेक्स, त्याच्या वर सिलिंडर इंडेक्स. ट्रॅक भरलेला असताना नवा रेकॉर्ड आला, की ट्रॅकवरचा शेवटचा रेकॉर्ड ओव्हरफ्लोत म्हणजे जादाच्या जागेत ढकलला जाई आणि तिथल्या साखळीला जोडला जाई. साखळीतली एकेक कडी म्हणजे डिस्कची आणखी एक फेरी. म्हणून फाइल जसजशी जुनी, तसतशी मंद. ठरावीक काळाने पूर्ण उतरवून पुन्हा भरावी लागे.

१९७० च्या दशकात आयसॅमची जागा घेणारं व्हीसॅम आलं आणि त्याच्या केएसडीएस (की-च्या क्रमाने लावलेल्या) फाइलने ओव्हरफ्लोची कल्पनाच सोडली. मोकळी जागा आधीच फाइलभर पेरून ठेवायची. हिशेब करून बघू. कंट्रोल इंटरव्हल (एका वेळी वाचला-लिहिला जाणारा तुकडा) ४०९६ बाइटचा, रेकॉर्ड २०० बाइटचा, सगळे एकाच लांबीचे. नियंत्रणाची माहिती १० बाइट खाते. उरलेल्यात २० रेकॉर्ड मावतात. फ्रीस्पेस म्हणजे राखीव मोकळी जागा २० टक्के दिली तर भरताना १६ च बसतात. पुढचे चार सुखाने येतात, पाचव्याला इंटरव्हल फुटतो: साधारण निम्मे रेकॉर्ड त्याच कंट्रोल एरियातल्या (इंटरव्हलच्या गटातल्या) रिकाम्या इंटरव्हलमध्ये जातात. आयबीएमच्या ३३९० डिस्कवर सिलिंडरभर एरियात असे १८० इंटरव्हल. १० टक्के राखले तर १८ रिकामे. तेही संपले की अख्खी एरिया फुटते, निम्मा मजकूर फाइलच्या शेवटी नव्या एरियात हलतो, आणि ऑनलाइन व्यवहार तेवढा वेळ ताटकळतो.

लिस्टकॅटमध्ये (फाइलची माहिती दाखवणाऱ्या कमांडमध्ये) स्प्लिटचे, म्हणजे असं फुटण्याचे, मोठे आकडे दिसले की लगेच फाइल रिऑर्ग करायची, म्हणजे उतरवून पुन्हा भरायची, ही सवय मला पटत नाही. स्प्लिटने जागा नेमकी गर्दीच्या ठिकाणी तयार केलेली असते. रिऑर्ग केलं की ती मोडते, आणि सोमवारी सकाळी स्प्लिट पुन्हा पहिल्यापासून सुरू! आकडा किती, यापेक्षा तो रोज किती वाढतो ते पाहा. नव्या रेकॉर्डची की चढत्या क्रमाने शेवटीच येत असेल, तर फ्रीस्पेस शून्य ठेवा. मधली राखीव जागा कुणीच वापरणार नाही.

रिऑर्ग करायचंच तर सीआयसीएसमध्ये (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीत) फाइल बंद करा, रेप्रो या कॉपी करायच्या कमांडने सिक्वेन्शियल फाइलमध्ये उतरवा, रेकॉर्डची संख्या ताडून पाहा, आणि मगच डिलीट-डिफाइन करून (जुनी फाइल पुसून, नवी रिकामी बनवून) पुन्हा भरा. ताडण्याआधी डिलीट केलं तर परतीची वाट फक्त बॅकअपची.

झेड/ओएस या आयबीएमच्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिमच्या १.७ आवृत्तीपासून आयसॅम फाइल वाचता येत नाहीत, पण आयसॅमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम इंटरफेसमार्फत व्हीसॅमवर चालतात. मेनफ्रेमवरच्या डीबी२ डेटाबेसचे टेबलस्पेससुद्धा (टेबलं ठेवायच्या जागा) आत व्हीसॅमचेच लिनिअर डेटासेट असतात. आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये बी-ट्री इंडेक्सचा फिलफॅक्टर (पान किती टक्के भरायचं तो आकडा) मुळात ९० असतो, म्हणजे पान भरताना १० टक्के मोकळं: फ्रीस्पेसचाच हिशेब, उलट बाजूने मांडलेला.