तुम्ही बसा हो!

नमस्कार. सगळ्यांना जागा मिळाली ना? बसा, आत्ता बसून घ्या, थोड्या वेळाने मी तुम्हाला उठवणारच आहे. पत्रिकेत विषय छापलाय ‘दिवसात किती बसावं, किती हलावं’, त्यावर मी येणार आहे. पण त्याआधी एक माझ्या बाबांची आणि एक आईची गोष्ट सांगायचीय, कारण बावीस वर्षं फिजिओथेरपी करून मला जे कळलं त्यातलं निम्मं या दोघांकडूनच कळलंय.

बाबा एसटीत कंडक्टर होते. आता मशीनमधून कागद निघतो, तेव्हा हातात तिकिटांचा ट्रे असायचा, रंगीत गठ्ठे, पंच, आणि खांद्याला ती चामड्याची बॅग. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो पंचाचा टकटक आवाज ऐकलेला असणार. सुट्टीत मी त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जायचे. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट ज्यांना माहितीये त्यांना सांगायला नको काय वळणं आहेत ती, पोरं ओकतायत, बायका दांडा धरून बसल्यात, आणि बाबा मधल्या वाटेत उभे, दोन्ही हात कामात, एका हातात ट्रे, दुसऱ्याने सुटे पैसे मोजतायत. पाय जरा फाकलेले, गुडघे सैल, कंबर सीटच्या कडेला अलगद टेकलेली, गाडी डावीकडे कलली की उजवी टाच किंचित उचलायची. पेशंटना तोल सांभाळायचे व्यायाम शिकवताना मला कायम ती टाच आठवते. ते रिटायर होईपर्यंत रोज हेच करत होते आणि त्याला व्यायाम वगैरे कुणी म्हणत नव्हतं, कामच होतं ते.

हे मी लाडाने सांगत नाहीये, बसच्या कंडक्टरवर खरंच अभ्यास झालाय! लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते, त्यांनी १९५३ साली छापलं. ३५ ते ६४ वयाची जवळपास ३१ हजार माणसं, लंडनच्या वाहतूक खात्यातली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर डबलडेकरचा जिना चढ-उतर, एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या. पगार जवळपास सारखा, वस्ती तीच, खाणंपिणं तेच, पण हृदयविकार कंडक्टरना कमी, आणि झालाच तर उशिरा आणि सौम्य. कुणी म्हणेल ड्रायव्हर मुळातच जाड असतील. ही शंका मॉरिसना स्वतःलाच आली, मग त्यांनी काय करावं, तर युनिफॉर्मच्या पँटींची मापं काढली! कंबर किती इंच, खात्याच्या दप्तरात सगळं नोंदलेलं. ड्रायव्हर खरंच कंबरेने मोठे निघाले, नोकरीला लागतानाच मोठे. पण नंतर मापानुसार गट पाडून बघितलं तर बारीक असो नाहीतर जाडा, अचानक दगावण्याचं प्रमाण कंडक्टरमध्ये कमीच. मला हा माणूस फार आवडतो. आपल्याच निष्कर्षावर शंका घेऊन शिंप्याच्या मापांपर्यंत जाणारा. आणि स्वतः २००९ मध्ये गेला तो ९९ वर्षांचा होऊन.

आपल्या लाल गाडीला जिना नव्हता हे मला मान्य आहे. पण आठ तास उभं राहणं होतं, चालत्या गाडीत तोल सांभाळणं होतं, प्रत्येक थांब्यावर खाली उतरून परत चढणं होतं.

आता आईची गोष्ट. ही जरा लांबेल, सचिवकाका, आधीच सांगून ठेवते.

तुमच्या तोंडी एक वाक्य असतं, माझ्याकडे येणारे सगळेच म्हणतात, “हातीपायी धड असताना देवाने उचलावं.” माझी आई पण हेच म्हणायची. बहात्तराव्या वर्षी बाथरूमच्या दारात पाय सटकला आणि डावं मनगट मोडलं. मनगट! पाय ठणठणीत होते. सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर लिहून दिलं, ‘संपूर्ण विश्रांती’. हाताला विश्रांती, असं लिहिलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. एका शब्दाचा फरक आहे हो, पण त्या एका शब्दापायी पुढे काय झालं ते ऐका.

आई माझ्या भावाकडे राहते. भाऊ-वहिनी सोन्यासारखी माणसं, हे मी इथे मुद्दाम सांगतेय. दुसऱ्याच दिवशी हॉलमध्ये मोठी आरामखुर्ची आली. शेजारी स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या, औषधांचा डबा, रिमोट, मोबाइल, आणि देवघरातली घंटा, काही लागलं तर वाजवायची. “आई, तुम्ही बसा हो, मी करते.” “आजी, तू बस, मी आणते.” जेवण खुर्चीत, चहा खुर्चीत, दारावरची बेल वाजली तर नातू पळायचा. आणि मी? मी पुण्यात, रोज दहा पेशंटना उठवून चालवणारी, आईला फोनवर म्हणत होते, “आराम कर गं, आयुष्यभर केलंयस.” ते अजूनही मला टोचतं.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, मी गेले. म्हटलं चल आई, गच्चीवर जाऊ. तिने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, डावा हात दुखला म्हणून काढून घेतला, पुढे झुकली, उठली नाही. परत मागे टेकली. श्वास घेतला, परत झुकली. तिसऱ्यांदा मी काखेत हात घातला. चापूनचोपून नऊवारी नेसणारी, जमिनीवर पाय पसरून विळीवर दोन किलो कैऱ्या चिरणारी बाई, आणि तिच्या मांड्या माझ्या हाताला रिकाम्या पिशवीसारख्या लागल्या. मनगट जुळलं होतं. पाय गेले होते, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं ते.

शरीर इतकं पटकन हिशोब करतं. अमेरिकेत डॅलसला १९६६ साली पाच तरुण पोरांना, विशीतल्या, धडधाकट, तीन आठवडे पलंगावर नुसतं झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पन्नाशीची झाल्यावर परत तपासली, तर तीस वर्षांच्या वयाने त्यांची श्रम करायची ताकद जेवढी घटवली नव्हती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. हे विशीतल्यांचं. आणि तुमच्या वयाच्या, म्हणजे सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस झोपवलं तेव्हा फक्त पायातलंच जवळपास एक किलो मांस उतरलं. दहा दिवसांत! आपण “जरा अशक्तपणा आलाय” म्हणतो ना, तो कुठून येतो ते बघा. वयावर ढकलतो आपण सगळं, पण त्यातलं बरंच खुर्चीच्या खात्यावर टाकायला पाहिजे.

आणि आपल्याकडे तर माणसाचा मान राखायचा म्हणजे त्याला बसवायचं. पाहुणा आला की “बसा”. वडीलधारी दिसली की “बसा बसा, तुम्ही नका उठू”. यात प्रेम आहे, आणि ते प्रेम मला मोडायचं नाहीये. पण प्रत्येक “तुम्ही बसा” बरोबर त्या माणसाचं एक उठणं आपण काढून घेतो, दिवसाला अशी पंचवीस-तीस उठणी जातात, आणि सहा महिन्यांनी आपणच म्हणतो, आजकाल आई फार थकली.

आता कुणीतरी सूनबाई मागून म्हणतील की मग काय सासूला कामाला जुंपायचं का. नाही. ज्या बाईने पन्नास वर्षं कुणाच्या तरी वेळेला पोळ्या लाटल्या तिला आता ओट्याशी उभं राहायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे. मी कामाबद्दल बोलत नाहीये, उठण्याबद्दल बोलतेय. पाणी स्वतः उठून घेणं, बेल वाजली की दाराशी जाणं, तुळशीला पाणी घालणं. आणि एखादीला करायचंच असेल तर तिच्या हातातून लाटणं काढून घेऊ नका.

मग आईचं काय केलं? पहिल्यांदा तिला तीस सेकंदात किती वेळा उठबस जमते ते मोजलं, हात छातीवर धरून. सत्तरी ते चौऱ्याहत्तरीच्या बाईला दहापेक्षा कमी जमलं आणि पुरुषाला बारापेक्षा कमी, तर पडण्याचा धोका वाढलाय असं धरतात. आईला सुरुवातीला हात टेकवल्याशिवाय एकदाही जमेना. मग जेवणाच्या टेबलाची साधी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली, तिच्यावर दोन घट्ट उशा. बैठक उंच झाली की उठायला कमी जोर लागतो. प्रत्येक चहाआधी पाच वेळा उठायचं. चहा तिचा जीव की प्राण, त्यामुळे ते चुकलं नाही. तीन आठवड्यांनी एक उशी काढली, दहाव्या आठवड्याला दुसरी. वहिनीने घंटा परत देवघरात नेली. मार्चमध्ये मोजलं तर अकरा. आणि त्या वर्षीच्या दिवाळीत ती पाटावर बसून करंज्या भरत होती, उठताना ओट्याच्या कडेला एक हात, बाकी स्वतःची स्वतः.

उशीर झाला असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, १९९० साली बोस्टनमधला एक अभ्यास छापून आला, वृद्धाश्रमातली नव्वदीची दहा माणसं, आठ आठवडे पायांना वजन लावून व्यायाम दिला, पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीला!

चला, आता तुम्ही. ज्यांचं नुकतं ऑपरेशन झालंय, ज्यांना उठताना चक्कर येते, त्यांनी बसूनच राहा. मागच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घसरतात, त्या आधी भिंतीला टेकवून घ्या. पावलं खुर्चीच्या जवळ आणा, नाक गुडघ्यांच्या पुढे न्या, हां, आणि उठा. हळू बसा, धपकन नाही, बसतानाच खरी मेहनत असते. परत. पाच वेळा. काका, हात काढा दांड्यावरून… जमलं की!

सचिवकाकांची चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला विषय राहिलाच की! भराभर सांगते.

सकाळी अर्धा तास बागेत फिरून आलात आणि मग नऊ ते नऊ सोफ्यावर, तर तो अर्धा तास वाया गेला असं नाही, पण पुरत नाही. २०१६ साली दहा लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र करून बघितलं, तर दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा मृत्यूचा वाढीव धोका भरून काढायला रोज ६० ते ७५ मिनिटं जरा दमदार हालचाल लागते असं निघालं. तेवढं जमत नसेल तर बसणं तोडा. अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठा, मालिकेत जाहिरात लागली की उठा, फोन आला की उभं राहून बोला. पोटऱ्या हलल्या की पायातलं रक्त वर जातं, मांड्या हलल्या की साखर स्नायूंत जाते. मधुमेह असणाऱ्यांनी तर जेवणानंतर लगेच टेकू नका, आपल्या आज्ज्यांची शतपावली होती ना, ती घरातल्या घरात करा, दहा मिनिटं पुरे.

दहा हजार पावलांचं दडपण घेऊ नका. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो आकडा जगभर पसरला. सरासरी ७२ वर्षांच्या बायकांवर २०१९ मध्ये अभ्यास आला, त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यू बरेच कमी होते, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. घड्याळात चार हजार दिसले म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला, आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल, आणि पासष्टीपुढे आठवड्यातून तीन दिवस ताकद आणि तोल या दोन्हींचे व्यायाम. हे दुसरं आपल्याकडे कुणीच करत नाही. फिरायला सगळे जातात, पण नुसत्या फिरण्याने मांडीची ताकद टिकत नाही. उठबस करा. ओट्याला धरून टाचा वर करा. दात घासताना बेसिन धरून एका पायावर उभं राहा, दहा आकडे, मग दुसरा पाय.

गुडघे झिजलेत म्हणून बसून राहू नका, स्नायू गेले की गुडघा जास्त दुखतो. कमोड लागतो त्यांनी कमोडच वापरा, त्यात कमीपणा नाही, पण शेजारी भिंतीत पकडायला दांडा बसवून घ्या आणि बाथरूमच्या दारातलं ते घसरणारं पायपुसणं आजच काढा. छातीत दुखलं, दम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

झालं काका, झालं. एवढंच सांगायचं राहिलंय की आज चहा खुर्चीवर मिळणार नाहीये. मी सकाळीच पोरांना सांगून ठेवलंय, टेबल त्या टोकाला, स्टेजच्या उलट बाजूला लावा. ज्यांना खरंच उठवत नाही त्यांनी हात वर करा, त्यांना आणून देतील. बाकीचे चला तिकडे, बिस्किटंही तिकडेच आहेत.