पहिली स्लाइड

(दृश्य: अंधारलेलं सभागृह, वर धरलेले शेकडो मोबाइल)

दिवे मंद होतात, संगीत चढत जातं आणि भल्यामोठ्या पडद्यावर बारीक अक्षरांतला एक परिच्छेद उमटतो. मोबाइल खाली येतात. कुणी कॉफीचा घोट घेतं, कुणी गळ्यातला पास सरळ करतं. मजकूर वकिली आहे, पण अर्थ साधा: आता दाखवणार आहोत त्यातलं काही अजून तयार नाही, कदाचित वेळेवर होणारही नाही; घ्यायचं तर आज जे मिळतंय ते बघून घ्या. काही सेकंदांत स्लाइड सरकते. मोबाइल पुन्हा वर.

सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या 'ड्रीमफोर्स' या वार्षिक परिषदेची सुरुवात ही अशी. परिषद म्हणायची, पण थाट जत्रेचा.

(दृश्य: मॉस्कोनी सेंटर, हॉवर्ड स्ट्रीट)

सॅन फ्रान्सिस्कोचं मॉस्कोनी सेंटर. या दिवसांत समोरच्या हॉवर्ड स्ट्रीटचा एक तुकडा गाड्यांना बंद. डांबरावर हिरवळ अंथरलेली आणि त्यावर ॲस्ट्रो नावाचं बाहुलं लोकांना मिठ्या मारत फिरतंय. 2003 साली पहिली परिषद एका हॉटेलात मावली होती. 2015 मध्ये शहरातली हॉटेलं पुरेनात, तेव्हा एक अख्खं प्रवासी जहाज आणून धक्क्याला लावलं आणि पाहुण्यांची सोय त्यात केली.

या इमारतीशी कंपनीचं नातं मात्र त्याहून जुनं आहे, आणि ते फुटपाथवरचं आहे.

फेब्रुवारी 2000. आत सीबेल सिस्टम्सची परिषद. ग्राहकांची माहिती सांभाळणाऱ्या, म्हणजे सीआरएम सॉफ्टवेअरच्या धंद्यात तेव्हा सीबेलचा दबदबा. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, स्वतःच्या सर्व्हरवर चढवायचं, सल्लागार बोलवायचे, मग ते चालू होण्याची वाट बघायची. आणि दाराबाहेर निदर्शनं सुरू: 'सॉफ्टवेअर नको!' फलक होते, घोषणा होत्या, मुलाखती घेणारा टीव्हीवालाही होता. सगळे भाड्याने आणलेले नट. हा फार्स उभा केला होता जेमतेम वर्षभराच्या सेल्सफोर्सने आणि तिचे सहसंस्थापक मार्क बेनिऑफ यांनी. सॉफ्टवेअर विकणाऱ्यानेच 'सॉफ्टवेअर नको' म्हणावं, हा आगाऊपणाच. त्यामागचा मुद्दा मात्र पक्का होता: काही बसवू नका, ब्राउझर उघडा आणि दरमहा माणशी भाडं भरा.

2005 मध्ये ओरॅकल या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने सीबेल विकत घेत असल्याचं जाहीर केलं. फुटपाथवरचे आत आले.

(दृश्य: जुन्या परिषदांची झटपट क्षणचित्रं)

त्यानंतर दरवर्षी एक नवं नाव. 2005 मध्ये ॲपएक्स्चेंज, म्हणजे ॲपचं दुकान; 2016 मध्ये आइनस्टाइन, म्हणजे एआय. काही टिकली, काहींचं बारसं दोनदा झालं.

(दृश्य: लॅपटॉपच्या रांगा, सप्टेंबर 2024)

2024 मध्ये पाळणा हलला 'एजंटफोर्स'चा: ग्राहकांशी स्वतःच बोलून कामं उरकणारे एआय 'एजंट' बनवण्याची सोय. लोकांना रांगेने लॅपटॉपसमोर बसवून स्वतःचा एजंट बनवायला लावला. हे काम जवळून बघण्यासारखं आहे. एजंटला आधी सांगायचं, तुझं काम काय. मग कोणत्या विषयांवर बोलायचं, कोणत्या नोंदी उघडायच्या, कोणती कृती करायची. आणि कुठे थांबून माणसाला बोलवायचं, हेही. डेमोत टाळ्या आधीच्या गोष्टींना पडतात. कंपनीत परतल्यावर झोप उडवते ती ही शेवटची ओळ.

पण त्या वर्षीची मोठी बातमी आमच्या मते पडद्यावरच्या एजंटची नव्हती, त्याच्या दराची होती: एका संभाषणाला 2 डॉलर. ज्या कंपनीने 'माणशी' हा हिशोब रुजवला, तीच आता माणसं सोडून संभाषणं मोजायला लागली होती. एजंटला खुर्ची लागत नाही, मग भाडं कशाचं लावणार? वर्ष उलटायच्या आत, मे 2025 मध्ये, दुसरा पर्याय आला: एजंटच्या एकेका कृतीला 10 सेंट. म्हणजे हिशोब अजून लागतोच आहे.

(दृश्य: छोटं सभागृह, माइकपुढे रांग)

इथे रोषणाई नाही. सत्राचं नाव 'ट्रू टू द कोअर'. मंचावर प्रॉडक्ट मॅनेजर आणि समोर ॲडमिन मंडळी, म्हणजे रोज हे सॉफ्टवेअर चालतं ठेवणारी माणसं. एजंटांचं भविष्य विचारायला फारसं कुणी उठत नाही. एखादा रिपोर्ट, एखादी परवानगी, वर्षानुवर्षं मागितलेलं एखादं बटण, असे प्रश्न. उत्तर 'हो' आलं की होणारा गलका कीनोटला, म्हणजे मुख्य भाषणाला, लाजवतो.

यांच्यासाठी घोषणेचा अर्थ वेगळा असतो. 2021 च्या ड्रीमफोर्समध्ये सांगितलं गेलं की वर्कफ्लो रूल्स आणि प्रोसेस बिल्डर, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणारी दोन साधनं, निवृत्त होणार, पुढे सगळं 'फ्लो' या साधनात. मंचावरून एक वाक्य. खाली बसलेल्याच्या डोळ्यांपुढे मात्र कंपनीतले शेकडो नियम: कुणी लिहिले ठाऊक नाही, कशासाठी तेही नाही, आणि एक जरी चुकला तरी विक्रीची मेल चुकीच्या माणसाला जाणार. एकेक उघडायचा, समजून घ्यायचा, पुन्हा बांधायचा.

(दृश्य: पडदा, पुन्हा तीच बारीक अक्षरं)

या सत्राआधीही तीच वकिली स्लाइड येते. इथे ती लोक वाचतात. मोबाइलही कुणी खाली ठेवत नाही, कारण मागच्या वर्षी पडद्यावर दाखवलेल्या तारखेचा फोटो त्यातच आहे. रांगेतली पहिली बाई माइकपाशी जाते, चष्मा वर सरकवते आणि फोटो शोधायला लागते.